ताप नाही, जरा कसर

वयाच्या एकावन्नाव्या वर्षी दिघ्याच्या डोंगराकडच्या खोल्या कुणी हौसेने चढत नाही. मी चढत होते, कारण वीस वर्षं ज्या लॅबमध्ये रक्त काढलं, काचपट्ट्या तपासल्या, तिथे माझ्या खुर्चीच्या जागी एक मशीन आलं. त्याच सुमारास एका संशोधन प्रकल्पाला रक्त काढता येणाऱ्या, मराठी बोलणाऱ्या बायका हव्या होत्या. पद भारदस्त होतं, क्षेत्र संशोधन सहायक. वस्तीत मला रक्तवाल्या बाई म्हणत. संध्याकाळी घरी पोचले की नवरा विचारायचा, आले का डास आमचे? पहिला महिनाभर मी हसले, मग हसायचाही कंटाळा यायला लागला.

प्रकल्प मलेरियाचा होता. आमच्या ऐरोलीच्या सोसायटीत मलेरियाला कुणी विचारत नाही, तिथे सगळी भीती डेंग्यूची. कुणाचं अंग जरा गरम लागलं की लगेच प्लेटलेट्स मोजून आणतात आणि ग्रुपवर पपईच्या पानांची चर्चा सुरू होते. पण मलेरिया कुठे गेलेला नाही. बांधकामाच्या खड्ड्यांत, जिन्याखाली भरून ठेवलेल्या पिंपांत तो मजेत आहे. काही माणसांच्या रक्तात त्याचे जंतू इतके थोडे असतात की मी वीस वर्षं ज्या मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले त्यात ते दिसतच नाहीत. माणूस आजारी पडत नाही, कामावर जातो, आणि त्याला चावलेला डास तेच जंतू पुढच्या खोलीत पोचवतो. अशी, जंतू असून ताप नसलेली माणसं शोधायची होती. नावड्याला दुसरी टीम होती. त्यांना सपाट जमीन मिळाली, आम्हाला चढ. नशीब एकेकाचं.

आमच्या मॅडम, म्हणजे प्रकल्पाच्या डॉक्टर, वयाने माझ्या मुलीएवढ्या. दक्षिणेकडच्या, मराठी येत नव्हतं, आमच्याशी हिंदीत बोलायच्या. पण कामाला वाघीण. सुरुवातीचे आठ दिवस आमच्याबरोबर स्वतः चढ चढल्या, कुणाच्याही घरचं पाणी प्यायल्या, आणि कुणी अंगावर ओरडलं तरी सॉरी म्हणून पुढच्या दाराशी गेल्या. मला ती पोरगी आवडायची. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून कुणी तिला बोल लावेल.

काम असं होतं. हातात टॅब. नाव नाही, नंबर. घरात माणसं किती, मच्छरदाणी आहे का, पाणी कशात भरता. मग मुख्य प्रश्न: गेल्या दोन आठवड्यांत ताप आला होता का? खाली दोन चौकोन, होय आणि नाही. होय म्हटलं की आणखी चार पानं उघडायची आणि बोट टोचून तिथल्या तिथे तपासणी करायची. पट्टीवर पंधरा-वीस मिनिटांत निकाल. नाही म्हटलं की सोपं. बोटातून रक्ताचे तीन थेंब जाड कागदाच्या कार्डावर घ्यायचे, सुकवायचे, पाकिटात घालायचे, चला पुढे. ही कार्डं थंडीत साठवून ठेवत आणि पुरेशी जमली की मोठ्या लॅबमध्ये एकदम तपासायला जात. तिथल्या तपासणीत रक्तातला एखादा जंतूही निसटत नाही म्हणे.

प्रश्न इंग्रजीत तयार झाले होते. मराठी कुठल्यातरी एजन्सीने केलं होतं आणि ते बरोबरच होतं. फीव्हर म्हणजे ताप. यात चुकायचं काय?

लोकांची उत्तरं ऐकून ऐकून माझे कान किटले होते. आम्हाला ताप नाही, तुमचाच ताप आहे डोक्याला, असं एका रिक्षावाल्याने तोंडावर सांगितलं. दुसरीकडे एक बाई म्हणाली, डेंग्यूने माझा दीर गेला तेव्हा कुठे होता तुम्ही? खाली मान घालून पुढचा नंबर टाकला. दिवसाला तीस-पस्तीस दारं. तिसऱ्या प्रहरी माझं बोलणंही टॅबसारखं व्हायचं, ताप आला होता का, ताप आला होता का. गुडघ्यांची तर वाट लागली होती.

ती भेटली ती अशाच एका तिसऱ्या प्रहरी. चढावरच्या शेवटच्या रांगेत, तिसरी खोली. सव्वीस-सत्तावीसची असेल, सहावा महिना. साताऱ्याकडची माणसं. नवरा कंपनीत पॅकिंगला, सासू पहाटे एपीएमसीतून भाजी आणून स्टेशनबाहेर विकायची, ती संध्याकाळीच घरी यायची. खोलीत ही एकटी होती. मी टॅब उघडेपर्यंत तिने मला सगळं सांगून टाकलं. याआधी दोनदा दिवस राहिले होते, एक दुसऱ्या महिन्यात गेलं, एक चौथ्यात. या वेळी सहावा सरत आला तरी अजून ओटीभरण केलं नव्हतं, सासूने सातव्यापर्यंत थांबायला सांगितलं होतं. तिसऱ्या महिन्यात सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं होतं, ते स्वच्छ होतं.

"एवढं एक हातात आलं ना ताई, की मी कुनाकडं काय मागनार न्हाई," ती म्हणाली, आणि पोटावर हात ठेवून लाजली.

मी प्रश्न विचारत गेले. पाणी पिंपात. मच्छरदाणी आहे, पण उकडतं. मग तो प्रश्न.

"ताप न्हाई ताई. जरा कसर येती संध्याकाळची. आपोआप उतरती."

मी नाहीच्या चौकोनावर बोट ठेवलं.

आता हे कसं समजावू? मी कोकणातली. आमच्या घरात कसर हा रोजचा शब्द. आई कपाळाला हात लावायची आणि म्हणायची, ताप नाही, कसर आहे, आज आंघोळ नको, पेज घे. कसर असली तरी शाळा बुडायची नाही. ताप म्हणजे अंथरूण, गोधडी, डॉक्टर. कसर म्हणजे अंग किंचित कोमट, तोंडाला चव नाही, पण माणूस आपल्या पायावर. हा फरक मला कुणी शिकवायला नको होता, तो माझ्या अंगातच होता. मराठी न येणाऱ्या मॅडम तिथे असत्या तर त्यांनी विचारलं असतं, कसर म्हणजे काय, किती दिवस येते, कधी येते. मला ते विचारावंसंच वाटलं नाही. मला शब्द कळला म्हणूनच मी चुकले.

आणि खरं सांगायचं तर तेवढंच नाही. होय दाबलं असतं तर चार पानं, मग तपासणी, मग निकालाची वाट बघत बसणं. साडेचार वाजले होते. त्या रांगेत अजून तीन खोल्या राहिल्या होत्या, आणि उतरताना गुडघा लचकेल ही भीती. मी थकले होते. ही सबब नाही, कारण आहे. वर मी तिला शहाणपणाही शिकवला, कसर असेल तर पेज प्या, आराम करा. ती म्हणाली, व्हय ताई. मी तीन थेंब घेतले, कार्ड सुकवलं आणि निघाले.

पाच आठवडे गेले. कार्डं मोठ्या लॅबमध्ये जाऊन आली. एका सकाळी मॅडमनी आम्हाला ऑफिसात बोलावलं आणि लॅपटॉप आमच्याकडे वळवला. खुशीत होत्या. ज्यांच्या रक्तात जंतू सापडले पण ज्यांनी ताप नाही म्हणून सांगितलं, अशांची यादी होती. आपण शोधत होतो ते हेच, असं त्या हिंदीत म्हणाल्या. आता या सगळ्यांना औषध द्यायचं, आणि यावर लिहायचं. माझ्याबरोबरच्या बायका टाळ्या वाजवायच्या बेतात होत्या.

यादीत नंबर होते. मी माझे नंबर शोधत होते, नुसतंच कुतूहल म्हणून. शेवटच्या रांगेतल्या खोल्यांचे नंबर मला पाठ होते, कारण तिथवर पोचताना जीव मेटाकुटीला यायचा. तिसऱ्या खोलीचा नंबर यादीत होता. समोर मी भरलेलं, ताप: नाही.

मी म्हटलं, मॅडम, हिला कसर येत होती. त्यांना कळेना. हिंदीत कसर म्हणजे कमतरता. त्या म्हणाल्या, किस चीज़ की कसर? मी म्हटलं, बारीक ताप, मॅडम. संध्याकाळी यायचा, उतरायचा. त्यांनी अगदी हळू विचारलं, असं आणखी कितीजण म्हणाले? मला आठवेना. आठवणार कसं, मी ते कधी उत्तर म्हणून ऐकलंच नव्हतं. शेजारी बसलेली आमच्यातली बाई, तीही साताऱ्याची, खाली मान घालून म्हणाली, माझ्याकडेबी म्हनायचे. बरेचजन.

मी म्हटलं, ती गरोदर आहे. मी पिशवीत तपासणीचा डबा टाकला आणि रिक्षा केली.

चढ कसा चढले आठवत नाही. दार लोटलेलं होतं. ती खाली चटईवर कुशीवर पडली होती. मला बघून उठायला लागली, मी नको म्हटलं. कपाळ जेमतेम कोमट. चेहरा मात्र पार पांढरा पडला होता, नखंही.

"बरं झालं आलात ताई," ती म्हणाली. "दोन दिस झालं, पोट गप हाय. सासूबाई म्हनत्यात, आठवा लागताना पोर जरा निजतं."

मी डबा उघडला. बोट टोचलं. पट्टीवर दोन रेषा उमटल्या. तिनेही बघितल्या. दोन रेषांचा तिला एकच अर्थ माहीत होता, कारण दिवस राहिल्याच्या पट्टीवर तिने त्या आधी तीनदा बघितल्या होत्या आणि तीनदा आनंदाने बघितल्या होत्या. तिने विचारलं, दोन आल्या म्हंजे चांगलं ना? मी म्हटलं, चला, दवाखान्यात जाऊ. चप्पल मीच तिच्या पायात घातली. नवऱ्याला फोन लावला, तो कंपनीतून परस्पर येतो म्हणाला.

दवाखान्यात पोटावर यंत्र फिरवणारी डॉक्टर बराच वेळ फिरवत राहिली. मी वीस वर्षं लॅबमध्ये काढली आहेत. डॉक्टर बोलत नाहीत तेव्हा काय झालेलं असतं ते मला कळतं. बाळ पोटातच गेलं होतं. दुसऱ्या दिवशी बाळंतपण करावं लागलं, मुलगी होती. तिला मलेरियाचं औषध सुरू झालं, रक्त चढवलं, आणि ती वाचली. मलेरियामुळेच झालं का, असं मी त्या डॉक्टरला बाजूला घेऊन विचारलं. ती म्हणाली, झालेलं असू शकतं, पण छातीठोक कुणीच सांगू शकणार नाही. पाच आठवड्यांपूर्वी औषध मिळालं असतं तर? ती म्हणाली, तुम्ही घरी जा आता, तुम्हीच पडाल.

घरी आले. नवऱ्याने डासांचा विनोद केला नाही, माझं तोंड बघून त्याने कुकर लावला. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, अगं, ती ताप नाही म्हणाली, तू नाही लिहिलंस, यात तुझं काय चुकलं? तो चांगुलपणाने म्हणाला, पण मला त्याचा इतका राग आला की ताट सोडून उठले.

मॅडमनी आठ दिवसांत प्रश्न बदलून घेतला. आता टॅबवर ताप, कसर, कणकण, अंग मोडून येणं, संध्याकाळी अंग गरम लागणं, सगळं एकाखाली एक आहे. त्यासाठी त्यांनी आम्हाला बसवून शब्द विचारले, लिहून घेतले, प्रत्येक शब्दाचा उच्चार दोनदा करून बघितला. यादीतल्या सगळ्यांना गोळ्या पोचल्या. मॅडमचा लेख लांबला, कारण निम्मी यादी आता बिनतापाची राहिली नव्हती. त्यांनी वर कळवलंही, काही लपवलं नाही. फक्त मला एकदा केबिनमध्ये बोलावून म्हणाल्या, त्या घरी भेटायला गेलात तर धीर द्या, पण कुणामुळे काय झालं यावर बोलू नका. कारण सिद्ध झालेलं नाही, आणि तुमची नोकरी कंत्राटी आहे. त्यांचे डोळे सुजलेले होते. मी बरं म्हटलं. मला तेव्हा ते बरंच वाटलं होतं, सुटल्यासारखं.

पंधराएक दिवसांनी तिचा फोन आला. आवाज इतका बारीक की आधी ओळखलाच नाही. घरात सगळे म्हणतात की तिने ताप लपवला. दवाखान्यात मलेरिया निघाला म्हणजे ताप होताच, मग सांगितलं का नाही? नवरा बोलत नाही. सासू म्हणते, तिसरंही हिने घालवलं. तिला गावी नेऊन सोडायचं घाटत होतं. रडत नव्हती, नुसतं सांगत होती.

"मी काय लपवलं न्हाई ताई," ती म्हणाली. "तुमाला ठावं हाय. एकदा येऊन सांगा."

मी येते म्हटलं आणि तीन दिवस गेले नाही. तीन दिवस मी दुसऱ्या रांगा केल्या, नवे प्रश्न विचारले, नवे शब्द एकाखाली एक वाचून दाखवले. लोक म्हणायचे, व्हय, कसर येती की. येते, येते, येते. प्रत्येक होयला मी बोट टोचायचे आणि निकालाची वाट बघत बसायचे. चौथ्या दिवशी मला वाटलं, ही नोकरी गेली तर गेली, पण ही पोरगी गावाला गेली तर तिथे तिच्या बाजूने बोलायला कुणीच नाही. मग गेले.

सासू घरी होती. त्या दिवशी भाजीला गेली नव्हती, भिंतीला पाठ लावून बसली होती. साठीची, काटक, हाताला मेथीचा हिरवा डाग कायमचा बसलेला. मला वाटलं होतं अंगावर येईल. तिने बसा म्हटलं. सून दाराशी उभी राहिली, पदर खोचलेला, पोट सपाट. मला तिकडे बघवेना.

मी सगळं एका दमात सांगितलं. की मी आले होते, विचारलं होतं, आणि तुमच्या सुनेने मला सांगितलं होतं. तिने काही लपवलं नाही. मी लिहिलं नाही. मी त्या दिवशी तपासणी केली असती तर पाच आठवडे आधी गोळ्या मिळाल्या असत्या. चूक माझी, तिची नाही. तुम्हाला कुणाला बोल लावायचा तर मला लावा.

म्हातारीने मला विचारलं, सुनेकडे न बघता.

"काय म्हनली व्हती ती? ताप म्हनली व्हती?"

"नाही," मी म्हटलं. "कसर येते म्हणाली होती. संध्याकाळची."

तिने हात कपाळाला नेला, आणि तो तिथेच राहिला.

"कसर व्हय," ती म्हणाली. "कसर तर मला बी म्हनली व्हती."

मी सुनेकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काही नवीन ऐकल्याचं दिसत नव्हतं. हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पंधरा दिवस ती बोलणी खात होती आणि हे एक वाक्य तिने तोंडातून काढलं नव्हतं.

"तुमाला आधी सांगितलं व्हतं, आत्या," ती सासूला हळूच म्हणाली. "रोज सांगत व्हते."